सुनंदाला मी 'नाही' म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

चिखलीत माझा दवाखाना आहे, पहिल्या मजल्यावर. कोरोना मलाही झाला होता. बरा झालो, पेशंट तपासू लागलो. पण बरा झालो होतो का? जिना चढलो की धाप लागायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. रोज लिहायच्या गोळीचं नाव ऐन वेळी आठवायचं नाही — मग मी खोकल्याचं सोंग करायचो. डॉक्टरच असा, हे लोकांना कळलं तर? म्हणून गप्प राहिलो. तेवढंच असतं तर चाललं असतं.

अमडापूरची सुनंदा माझी जुनी पेशंट. घरची शेती, सासू करारी, नवरा आईपुढं मुका. तिलाही कोरोना होऊन गेला, पण त्यानंतर ती सावरलीच नाही. पोळ्या लाटता लाटता खाली बसायची. एक दिवस काम रेटलं की पुढचे कितीतरी दिवस अंथरुणात. रक्त, एक्स-रे, ईसीजी — सगळं चांगलं.

त्या दिवशी सासू बाहेर बाकावर होती. सुनंदा हळूच म्हणाली, "डॉक्टर साहेब, तुमालेबी असंच होते न? मघाशी तुमी जिना चढून आले अन् दाराले धरून उभे राह्यले. मी पाह्यलं."

तिला औषध नको होतं हो. कुणीतरी 'हो' म्हणायला हवं होतं.

"छे! मला काय झालंय?" मी म्हणालो.

तेवढ्यात सासू आत आली. "आता तुमीच सांगा, साहेब. ही खरंच बिमार हाय का काम टाळून राह्यली?"

बळंच काम केलं की दुसऱ्या दिवशी काय होतं, हे माझ्या अंगाला ठाऊक होतं. तरी — सुनंदानं मला पकडलं होतं, त्याचा राग होता का तो? असावा. मी म्हणालो, "रिपोर्ट चांगले आहेत. कामाला लावा. अंग हललं की बरी होईल."

सुनंदा पदर सावरून उठली.

सासरच्यांनी सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, नेलं तिला. वावरातच कोसळली. नंतर तर उठून बसणंही जड झालं, तेव्हा नवऱ्यानं तिला माहेरी, जानेफळला नेऊन सोडलं. तिची मुलगी मात्र अमडापुरात ठेवून घेतली. हे मला तिच्या भावानं सांगितलं. तो मुद्दाम दवाखान्यात आला होता. मला वाटलं, भांडेल. नाही भांडला. मान खाली घालून म्हणाला, "सुनंदाबाई म्हणते, डॉक्टरलेबी हेच दुखणं होतं. तुमी एकडाव तिच्या सासरच्याईले सांगसान तं ते तिले घरी नेतीन. खरं हाय का जी?"

दार उघडं होतं. बाहेर पेशंट बसले होते, कान देऊन.

"नाही," मी म्हणालो. "तिचा काहीतरी गैरसमज झालाय."

"बरं जी," म्हणाला, आणि गेला.

मी आता पुष्कळ बरा आहे. ती अजून माहेरीच आहे, पडून असते असं ऐकतो. जानेफळ काही लांब नाही — सकाळी निघालं तर संध्याकाळच्या पेशंटसाठी परत येता येतं.

मी गेलेलो नाही.