मेंदूच्या डॉक्टरचा नारळ

नव्वद सालानंतरची गोष्ट. शिरवळला एसटीत माझ्या शेजारी मेंदूवर संशोधन करणारे एक डॉक्टर बसले. लय सभ्य माणूस. सारखे चष्मा पुसायचे आणि सुस्कारा टाकायचे. मी विचारलं, "काय दुखतंय?"

म्हणाले, "काका, उद्या सांगलीला मोठ्या जागेची मुलाखत आहे. लेख पुष्कळ छापले, पण दुसऱ्यांनी त्यांच्या लेखात माझं नाव घेतलं तरच किंमत. कुणी घेतच नाही. माझ्या लेखात मीच माझं नाव घेतो."

मी चौथीपर्यंत शिकलो, पण हे दुखणं मला पक्कं ठावं. लग्नात स्पीकरवर नाव पुकारून नारळ दिला न्हाई, तर मीबी जेवत न्हाई.

"आवं डॉक्टर, चला माझ्या भाचीच्या लग्नाला!" म्हणून त्यांना उंब्रजला उतरवलं. मांडवात फेटा बांधला. माइक हिसकावून आधी माझं नाव पुकारलं, मग "मेंदूचे मोठे डॉक्टर!" असं ओरडून त्यांना नारळ दिला. टाळ्या पडल्या.

पुढच्या एसटीत चढताना डॉक्टर फेट्यातनं हसत म्हणाले, "काका, सगळं केलंत. तेवढं माझं नाव राहिलं."

खरंच की! पण आधी त्यांनी सांगाय नको व्हय? मी माझं बसल्याबसल्याच सांगितलं होतं.