तात्यांची चिठ्ठी

संपाच्या दिवसांत आमच्या परळच्या चाळीखालच्या वाचनालयात सगळे पेपरात तडजोडीची बातमी शोधायचे. तात्या राणे मात्र आधी हवामानाची चौकट वाचायचे. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवण्यात त्यांची हयात गेली होती. "हवा सुकी झाली काय धागो तुटता. म्हणजे आमचो पगार हवेवर!" असं म्हणत ते वहीत अंदाज उतरवून घ्यायचे.

संप लांबला तसे चाळीतले निम्मे लोक गावच्या भातशेतीवर गेले. माझे आईबाबाही मालवणकडे गेले. मी चाळीतच मावशीकडे राहून कॉलेज करत होते. तात्यांना गावी वीतभर जमीन नव्हती. ते इथेच राहिले आणि सगळ्यांच्या शेतांची काळजी करू लागले. पावसाचा अंदाज वाचून त्यांनी आमच्या गावच्या घरी पोस्टकार्ड टाकलं. ते पोचलं तेव्हा कापून ठेवलेलं हळवं, लवकर पिकणारं भात भिजून त्याला कोंब आले होते. तात्या दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांना युक्ती सुचली. परळहून संध्याकाळी सुटणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिली की सकाळी गावात!

पुढे गरवं, उशिरा तयार होणारं भात पिकलं. पगार बंद, वर्षाचा तांदूळ काय तो तेवढाच. गावात कापणीला एकमेकांकडे पाळीने जातात. आमची पाळी दुसऱ्या दिवशी होती आणि चिठ्ठी आली: 'होड्यांना दर्यात जाऊ नका म्हणून रेडिओवर सांगितलंय. चार दिवस कापू नका. उभं भात आडवं झालं तरी उचलता येतं. अंदाज खात्याचा, निर्णय तुमचा.'

बाबांनी चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली आणि पाळी सोडली. ती शेजाऱ्यांनी हसत घेतली. दोन दिवस लख्ख ऊन पडलं. आईने तात्यांचा यथेच्छ उद्धार केला, "मुंबैत बसान पावस सांगता! त्येका कापणीतला काय कळता?" तिसऱ्या दुपारी पाऊस असा कोसळला की शेजाऱ्यांचं कापलेलं भात पाण्यावर तरंगलं. आमचं आडवं झालं, पण आठवड्याने घरात आलं. त्यातलं पायलीभर आईने शेजारी नेऊन दिलं.

गिरणीने तात्यांना परत घेतलंच नाही. पुढच्या कापणीआधी ड्रायव्हरने उलट चिठ्ठी आणली, आईची. मी वाचली: 'तात्यांका इचार, भात कधी कापूचा?' खाली चार घरांची नावं होती, पहिलं त्या शेजाऱ्यांचं.

तात्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"वीतभर जमीन नाय गो माझी," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि चार घरांची कापणी माझ्यासाठी थांबली हा."

आणि चपला न घालताच ते पेपर बघायला खाली धावले.