सुनावणीतला माणूस

अकोल्याच्या जुन्या शहरातले एक कापूस व्यापारी माझ्या अमरावतीच्या ऑफिसात आले. परदेशी खरेदीदाराने सिंगापूरच्या लवादाकडून त्यांच्याविरुद्ध निवाडा मिळवला होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी नागपूरला उच्च न्यायालयात अर्ज केला होता.

"मले सुनावणीची खबरच नोती," ते म्हणाले. मी तोच आक्षेप घेतला.

उत्तरादाखल समोरच्या वकिलांनी ऑनलाइन सुनावणीचं रेकॉर्डिंग दाखल केलं. भर दुपारी व्यापारी आणि मी ते पाहायला बसलो. पडद्यावर हेच व्यापारी होते, आपल्याच दुकानात ताठ बसलेले. लवादाने तीनदा विचारलं, काही सांगायचंय का? तीनदा त्यांनी सावकाश नकारार्थी मान हलवली. पापणी मात्र एकदाही लवली नाही.

शेजारी बसलेल्या व्यापाऱ्यांनी माझं मनगट धरलं. "शर्ट माहा हाय, चेहराबी माहाच. पण वकीलसाहेब, मी तिथं बसलो नोतो."

ते खोटं बोलत आहेत, असं मला वाटलं नाही. पण पडद्यावर चेहरा त्यांचाच असताना न्यायालयाला काय सांगणार? मी आक्षेप मागे घेतला आणि निवाड्याच्या अंमलबजावणीला परवानगी मिळाली.

निकाल लागल्यावर आम्ही कोर्टाबाहेर आलो. त्यांनी हळूच विचारलं, "रेकॉर्डिंगातली सुनावणी संपल्यावरबी पडद्यावरचा तो माह्याकडंच काहून पाहून राहिला होता?"