पायगुण

दादाचा फोन आला तेव्हा मी बेलापूरला ऑफिसात होते. चहावाला नुकताच येऊन गेला होता. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, उगीच फोन करणाऱ्यातला नाही. त्याचा फोन म्हणजे काहीतरी झालेलंच असतं. पण त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "शुभे, ते दोघं एकत्र बसलेत गं." दोघं म्हणजे कोण हे मला सांगायची गरजच नव्हती. वहिनीची मांजर ठमी आणि वहिनीचं कुत्र्याचं पिल्लू! महिना होत आला होता, रोज वहिनीशी फोनवर तोच एक विषय, या दोघांचं जमणार कधी. मी बसल्या जागी टाळी वाजवली. "अरे वा! जमलं की शेवटी! वहिनीला दे, तिला दे आधी फोन." शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगूनसुद्धा टाकलं, की आमच्या ठमीने कुत्रा पदरात घेतला म्हणून. पलीकडे दादाने दोनदा माझं नाव घेतलं. मग म्हणाला, "तिला नाही देता येत गं फोन..."

ती टाळी अजून माझ्या हातात आहे. देवळात आरतीला हात पुढे होतात आणि मधेच थांबतात. माणूस गेल्याची बातमी ऐकून टाळी वाजवणारी माझ्यासारखी नणंद शोधून सापडायची नाही.

सुलभावहिनी आमच्याकडे आली तेव्हा मी नववीत होते. मला 'वन्सं' म्हणायची, तेही मुद्दाम सगळ्यांसमोर, चिडवायला. "वन्सं, चहा घेणार का आपण?" दोन वेण्या घातलेली मी आणि म्हणे वन्सं! पुढे माझं लग्न झालं, केस पिकले, तरी ते 'वन्सं' सुटलं नाही. सगळी नोकरी तिने बालवाडीत केली. पहिल्या दिवशी रडून आकांत करणारी पोरं हा तिचा खास प्रांत. तिची एक रीत होती. पोराच्या आईला वर्गाबाहेर बसवायची आणि दार दोन बोटं उघडं ठेवायची. पोराला त्या फटीतून आईच्या साडीचा काठ दिसत राहायचा. पोर रडायचं, काठ बघायचं, परत रडायचं, मग हळूच ठोकळे उचलायचं. "दार लावलं की माणूस घाबरतं, वन्सं, आणि सताड उघडलं की पळतं. दोन बोटं पुरतात," असं तिचं म्हणणं. मी हसायचे. मला वाटायचं, एवढ्याशा पोरांना काय कळतंय फटीतलं!

तिच्या आयुष्यात मात्र कुणी दोन बोटंही फट ठेवली नव्हती. लग्नाला महिना व्हायच्या आत आमचे वडील गेले. दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पण आईला दुःख ठेवायला कुणीतरी हवंच होतं. दारावर भेटायला आलेल्या बायकांसमोर ती बोलून गेली, "पांढऱ्या पायाची आली आणि घर बसलं." तो शब्द मग घरात राहिला तो राहिलाच. दूध नासलं, पांढरे पाय. दादाची बढती हुकली, पांढरे पाय. मूलबाळ झालं नाही तेव्हा तर विचारूच नका. वहिनी कधी उलट बोलली नाही. एकदा फक्त मी तिला मोरीत पाय घासताना बघितलं, दगडाने, टाचा लाल होईपर्यंत... मला बघून हसली आणि म्हणाली, "बघते, रंग उतरतो का." पुढे आईच थकली, दृष्टी गेली, आणि तिला हात धरून न्यायला आणायला वहिनीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मग तो शब्दही आपोआप बंद झाला. मागे घेतला मात्र नाही कुणी.

निवृत्त झाल्यावर दादा, वहिनी आणि आई चेंबूर सोडून उलव्याच्या फ्लॅटमध्ये आले. तिथे सोसायटीच्या पार्किंगमधून ठमी घरात आली, म्हणजे ठमीच वहिनीला निवडून वर घेऊन आली म्हणायचं. महाराणी नुसती! दादाच्या खुर्चीवर बसायची आणि दादा स्टुलावर. आईची कुरकुर चालू, "मांजर सारखं आडवं जातं गो." त्यावर वहिनी म्हणायची, "आई, घर केवढंसं! आडवी नाही जाणार तर काय उभी जाणार?"

आणि मग पावसाळ्यानंतर एका रविवारी हे पिल्लू. जासईला तिची बालवाडीतली जुनी मैत्रीण राहते. तिच्याकडून परतताना कंटेनर यार्डापाशी, उभ्या ट्रेलरखाली, काळ्या तेलात माखलेलं काहीतरी कुईंकुईं करत होतं. वहिनीने पदरात गुंडाळलं आणि मैत्रिणीकडे परत जाऊन अंगाचा साबण लावून धुतलं. तेल गेलं तसे खाली चारही पाय पांढरेशुभ्र निघाले. मी त्या दिवशी उलव्याच्या घरीच होते, जेवायला गेले होते. आई दारापाशी खुर्चीत. मोतीबिंदू काढल्यापासून तिला पुसट दिसतं, पण नको ते नेमकं दिसतं. तिने वाकून बघितलं आणि सवयीने बोलून गेली, "अगो बाई, पांढऱ्या पायांचं!"

दादा पंख्याकडे बघायला लागला. वहिनी उंबऱ्याबाहेर उभी, पदरात ते थरथरणारं पिल्लू. म्हणाली, "हो आई. माझंच आहे ते. याचं नाव पायगुण." मग माझ्याकडे वळली, "वन्सं, बघत काय बसलात? नवं माणूस आलंय दारात. भाकरतुकडा आणा." मी कालच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं. तिने रीतसर ओवाळला. तो बाहेर टाकायला हात फिरवते न फिरवते तोच पिल्लाने उडी मारून तिच्या हातातून तुकडा पळवला आणि गिळलासुद्धा! आई ओरडली, "मेल्यानं इडापिडाच खाल्ली!" आणि स्वतःच हसायला लागली. इतक्या वर्षांत त्या दोघींना एकाच गोष्टीवर हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

ठमी मात्र हसली नाही. शेपूट फुगवून फ्रिजवर चढली ती संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही. मग वहिनीने आपली बालवाडी उघडली. पायगुण मागच्या बेडरूममध्ये, ठमी हॉलमध्ये, मधलं दार दोन बोटं उघडं, खाली अडसर म्हणून गुंडाळलेली सतरंजी. आपलं एक जुनं पातळ तिने फाडून दोघांना अंथरायला दिलं आणि मग याचा तुकडा तिला, तिचा याला. "वास ओळखीचा झाला की माणूस ओळखीचं होतं." दुपारी आई आडवी झाली की ही दाराशी पाट घेऊन बसायची. बसताना तिचा उजवा गुडघा कट्ट वाजायचा, पार आतल्या खोलीत ऐकू जाईल असा. एक हात फटीतून आत, एक हात बाहेर, दोन्हीकडे एकदम खाऊ. विमान वरून गेलं की पायगुण भुंकायचा, ठमी फिस्कारायची आणि सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, "सोड ना वहिनी, कशाला एवढं टेन्शन? मांजर आणि कुत्रा, जमतंय होय कधी?" तर म्हणाली, "नवीन आलेल्याला कुणीतरी आपणहून जवळ करावं लागतं, वन्सं. त्याने किती पुढं पुढं केलं तरी उपयोग नसतो." ती मांजरीबद्दल बोलत होती असं मला तेव्हा वाटलं. खरंच वाटलं.

त्या दुपारी दादा भाजीला गेला होता. परत आला तर मधलं दार सताड उघडं, सतरंजी बाजूला. वहिनी पाटावर, चौकटीला डोकं टेकून. तिच्या पदरावर पायगुण, आणि पायगुणच्या पाठीवर हनुवटी ठेवून ठमी. दादाला वाटलं, हिचा डोळा लागला. तो पाय न वाजवता आत गेला, पिशवी ठेवली, त्या तिघांचा फोटो काढावा म्हणून मोबाइल शोधायला लागला... हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. कळलंही नसेल. पण मला दुसरंच कुरतडत राहिलं. ज्या गोष्टीसाठी ती महिनाभर दुखरा गुडघा घेऊन तिथं बसली, ती तिनं बघितली का? की ती गेल्यावर ते दोघं जवळ आले?

तेराव्याला आमची डोंबिवलीची मामी पानावरून उठता उठता म्हणाली, "इडापिडा बाहेर टाकायची असते. ती यानं खाल्ली आणि घरातच बसला. तेव्हा ती आली आणि सासरा गेला. आता हे आलं आणि ती गेली. पांढरे पाय ते पांढरे पायच." मी मामीला काय बोलले ते इथे छापता यायचं नाही. पण दादा खाली मान घालून ऐकत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने पायगुणला जासईला त्या मैत्रिणीकडे नेऊन सोडलं. मी फोनवर तोंड सोडलं, "तू पण? एवढा शिकलेला माणूस!" तर म्हणाला, "माझा विश्वास नाही गं त्यावर. पण मला त्याचे पाय बघवत नाहीत."

मग मी आठवड्यातून दोनतीनदा ऑफिस सुटल्यावर तिकडे जायला लागले. ठमीने खाणं टाकलं होतं. बेडरूमचं दार आता उघडंच असायचं, आत कुणी नव्हतं, तरी ही बाहेरच्या बाजूला बसून राहायची, फट असायची तिथे. एका रविवारी भरदुपारी मी सोफ्यावर पेपर वाचत होते. ठमीने एकदम मान वर केली. पाटावर माणूस बसलं की त्याचा चेहरा जिथे येईल, बरोबर तिथे बघत राहिली. मग डोळे मिटले, हनुवटी पुढे केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, कुणी खालून खाजवत असल्यासारखी. मी पेपर खाली ठेवला. पंखा फिरत होता, खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, सगळं रोजचं होतं.

मी उठून आईच्या खोलीत गेले. आई जागी होती. म्हणाली, "वाजला ना?"

"काय?"

"गुडघा. रोज वाजतो गो या वेळेला. दादाला नको सांगू, तो रडेल."

मी तिच्या पायाशी बसले. आणि तेव्हा तिने मला ते सांगितलं, जे आजवर कुणी तिला विचारलंच नव्हतं. त्या दुपारीही ती जागीच होती. गुडघा वाजला, नेहमीसारखा. मग बराच वेळ काही नाही. मग वहिनीचा आवाज आला, हसरा, लाडातला. "आलीस का गं?" बस, एवढंच. आईला वाटलं, शेजारीण आली असेल.

"आई, नीट आठव. आलीस म्हणाली, का आलास?"

"आलीस. कान गेले नाहीत माझे अजून."

म्हणजे ठमी! दार उघडल्यावर ठमी आपणहून पायगुणकडे गेली होती, आणि वहिनीने ते बघितलं होतं. बघून हसली होती. मी आईच्या मांडीत डोकं घालून रडले, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. आई माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि मग दादाला हाक मारून म्हणाली, "त्या पिल्लाला घेऊन ये."

दादा घुटमळला, "आई, पण मामी..."

"मामीच्या पायांना काय सोनं लागलंय? मी एक शब्द तोंडातून सोडला, तो सुलभानं जन्मभर वागवला. आता तोच त्या मुक्या जिवाच्या पायात बांधताय? ती मला रोज ऐकू येते दाराशी. मी काय सांगू तिला?"

जासईला पायगुण दोरीला बांधलेला होता. हाडं दिसत होती, पाय धुळीने राखाडी झालेले. दादाने तिथेच रुमाल ओला करून एकेक पाय पुसला, पांढरा होईपर्यंत, आणि पुसताना ढसाढसा रडला. घरी आलो तर पिल्लू उंबऱ्याबाहेरच थांबलं. आत येईना. आईने खुर्चीतून उठून भिंत धरत स्वतः भाकरतुकडा आणला. ओवाळताना पाणी सांडलं. टाकायच्या आधी पायगुणने तोंड पुढे केलं तशी मी म्हटलं, "आई, खाईल तो." आई म्हणाली, "खाऊ दे. भुकेला आहे तो."

आता रविवारी मीच पाटावर बसते. दोघांचं जमलेलं आहे, फटीची तशी गरज नाही. ठमी पायगुणच्या अंगावर पाय टाकून झोपते. पण दार पूर्ण उघडलं तर दोघंही अस्वस्थ होतात आणि लावलं तर ओरबाडतात, म्हणून ते दोन बोटं उघडं असतं. परवा बसताना माझाही गुडघा वाजला, कट्ट. वय झालं, दुसरं काय. तर ठमी आणि पायगुण दोघांनी एकदम मान वर केली, आणि माझ्याकडे नाही, माझ्या जरा मागे बघितलं. मला वळून बघायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, माझ्यासाठी कधीही न वापरलेल्या मऊ स्वरात, "आलीस का गं?"

गुडघा ऐकून तिने कुणाला विचारलं, ते मला कळलं. वहिनीही तिला आईच म्हणायची.

"हो आई," मी म्हटलं, "आले."