तीन ट्रॉल्या गाळ

मी शाळेत गणित शिकवतो, पण घरात मला कुणी काही मोजायला सांगत नाही, ही माझी जुनी तक्रार. म्हणून वहिनीने परसातल्या वाफ्याला माती किती लागेल असं विचारलं, तेव्हा मी उठून लगेच टेप काढला.

धारूरच्या अलीकडे डोंगराच्या कडेला आमचं घर, आणि घरामागे नुसता मुरूम. दादा आणि वहिनी दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मोळ्या वाहून वाहून वहिनीच्या कंबरेची पार वाट लागली होती. त्या उन्हाळ्यात दादा एकदाचा कबूल झाला. म्हणाला, "परसात रोज पाटीभर भाजी निघाली तर तू औंदा घरीच ऱ्हा. मी चुलत्याच्या पोराबरं जातो." सहा महिने पाठ टेकायला मिळणार की नाही, हे त्या वाफ्यावर ठरणार होतं. मला हे पक्कं ठाऊक होतं, तरी मी वागायचं तसंच वागलो.

वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, फूटभर थर. तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास मावतो. गावचं तळं आटलं होतं, तिथला गाळ न्यायला कुणाची ना नव्हती. मी ट्रॅक्टरवाल्याला तीन खेपा सांगितल्या.

गाळ येऊन पडला, तेव्हा वहिनी ढिगाऱ्याजवळ बसून ढेकळं चाचपत होती. हळूच म्हणाली, "भावजी, ही समदी ढेकळं हायती. मधी पोकळी हाय. पाण्यानं लई बसंल ही माती. पाच खेपा तरी पायजेत."

मी हसलो. "वहिनी, घनफळ कुणाच्या अंदाजावर चालत नसतं."

तरी चौथी ट्रॉली दारात आलीच. तिनेच परस्पर सांगितली होती. मला राग आला. शिकलेल्या माणसाचा शब्द घरात चालत नाही याचा राग. मी ती ट्रॉली शेजाऱ्याच्या बांधावर रिकामी करायला लावली. वहिनी चुलीपुढे जाऊन भाकरी थापू लागली.

वाफ्यावर गव्हाचं काड पसरलं, तेही मोजून, चार बोटं जाड. ओल टिकते, तण उगवत नाही. वाफा इतका देखणा दिसायचा की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम मागं नेऊन दाखवायचो. पाऊस लागला, तळं भरलं, गाळ पाण्याखाली गेला. वांगी, मिरची, गवार जोमात वर आली.

श्रावणात पावसाने पंधरा दिवस दडी मारली आणि झाडं पिवळी पडू लागली. आम्ही रोज घागरी ओतल्या, उपयोग झाला नाही. शेवटी वहिनीने काड बाजूला सारून खुरपं घातलं. वीतभरही आत न जाता ते मुरमावर आपटलं. पावसाने माती बसत गेली होती, मुळांना ओल धरण्याइतका थरच उरला नव्हता आणि वरचं काड ते झाकून ठेवत होतं. तळं भरलेलं, चौथ्या ट्रॉलीची माती शेजाऱ्याने केव्हाच रानात पसरलेली. आता माती आणायची तरी कुठून?

दसरा झाला. ट्रॅक्टर दारात उभा होता, भांडी आणि गोधड्या चढवून झाल्या होत्या. वहिनी तेवढ्यातही परसात वाळकी झाडं उपटत होती, एक हात कंबरेवर ठेवून. मी जवळ गेलो. म्हणालो, "वहिनी, माझी चूक झाली."

ती उपटलेल्या मुळांची माती झटकत राहिली. म्हणाली, "तुमची कशाची? तुमी तुमच्या इद्येनं सांगितलं. मलाच जरा मोठ्यानं बोलाय पायजे व्हतं."

दादाने हाक मारली, ती गेली. दादाचा हात धरून, दोनदा थांबून ट्रॉलीत चढली. ती मोठ्यानं बोलली असती तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं.