टाकी इथंच राहू द्या

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. अमावस्येला चपला घेतल्यात, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच थांबायला लावलंय. माझ्या आयुष्यात जे जे बिघडलं ते मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या बिघडवलेलं आहे. त्याचं श्रेय बाहेरच्या शक्तींना द्यायला मी तयार नाही. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली. हसू येईल तिथं हसा, फक्त शेवटी कुणाला काही कारण सुचलं तर तेवढं सांगा.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही बीड बायपासच्या पलीकडं राहायला गेलो होतो. म्हणजे शहर वाढत होतं आणि त्या वाढीच्या अगदी टोकाला आमचं घर. रस्ता होता, विजेचे खांब होते, समोर 'गार्डन व्ह्यू' नावाची इमारत होती. गार्डन नव्हतं, आणि नळही नव्हता. बोअर आटलेला. पाणी टँकरनं यायचं आणि ते आम्ही ड्रम, बादल्या, कुकर... ज्याला बूड आहे अशा प्रत्येक वस्तूत भरून ठेवायचो. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेली. यावर आमच्या घरी रोज किमान एक टोमणा बसायचा.

आता मोटरहोमबद्दल. रिटायर झाल्यावर मला भारत बघायचा झटका आला. शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. डिझाइन माझं. पलंग, गॅसची शेगडी, घडीचं टेबल. या टेबलाची घडी नेमकी त्यावर ताट ठेवलं की व्हायची. आणि पलंगाखाली पाण्याची टाकी. जालना रोडला करमाडच्या अलीकडं एक भंगारवाला आहे, त्याच्याकडं ती मिळाली. जाड पत्र्याची, स्टीलची, पितळी तोटीची. वेल्डर म्हणाला, "साहेब, ही टाकी गाडीसाठी नाय, गल्लीसाठी हाय." मी म्हणालो, पाटबंधारेवाल्याच्या गाडीत पाणी कमी पडता कामा नये.

पहिल्याच ट्रिपला जालन्याला मेव्हण्याकडं जाऊन आलो, सपाटीवर होतो तोवर ठीक. दुसऱ्या ट्रिपला कन्नडचा घाट. अर्ध्या चढावर गाडी दम टाकून बसली. मागं ट्रकांची रांग... शेवटी तोटी उघडून सगळं पाणी रस्त्यावर सोडलं, तेव्हा ती वर चढली. त्या ट्रक ड्रायव्हरांनी माझ्या खानदानाबद्दल जे उद्गार काढले, ते इथं छापता येणार नाहीत. भारतभ्रमण तिथंच संपलं. गाडी अंगणात उभी राहिली आणि बायको, मंगल, तिच्या टपावर पापड वाळत घालायला लागली.

मग सईचे दिवस जवळ आले. सई आमची एकुलती एक, पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच. पण तिच्या सासूबाई फोनवर फार गोड आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं, पण तुमच्याकडं पाण्याची परिस्थिती... बाळ-बाळंतिणीला किती पाणी लागतं! इथंच करू या ना." मंगलनं फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मराठवाड्यातला दुष्काळ मीच पाडलाय.

"अंगणात हौद बांधायचा," ती म्हणाली. "टँकर आला की एकदम भरून घ्यायचा. हौद झाला की मी विहीणबाईंना सांगते, सोय झाली म्हणून."

"बांधू की."

"कुठं बांधू की? अंगणात तुमची ती बस उभी आहे."

बस बाहेर रस्त्यावर लावावी तर टँकर आत येत नव्हता, इतका रस्ता अरुंद. म्हणजे बस विकायची, तरच हौद. हौद झाला, तरच सई माहेरी. गणित साफ होतं. मी ऑनलाइन जाहिरात टाकली: 'लक्झरी मोटरहोम, सिंगल ओनर, दोनच ट्रिप. स्टीलची भव्य टाकी.' फोटोत टपावरचे पापड आले होते, ते नंतर लक्षात आलं.

फोन खूप आले. एकानं विचारलं, ॲम्ब्युलन्स आहे का? दुसऱ्यानं विचारलं, शववाहिनी आहे का? तिसरा म्हणाला, पापड केवढ्याला? एकानं बदल्यात म्हैस देऊ केली, आणि खरं सांगतो, मी दोन मिनिटं विचार केला. बाकी सगळे 'लास्ट बोलो' म्हणून गायब.

प्रत्यक्ष बघायला पहिलं आलं ते सिडकोतलं एक तरुण जोडपं. भर दुपार. मी त्यांना म्हणालो, तुम्ही आत बघा, मी गाडीचे कागद घेऊन येतो. ही माझी नेहमीची चूक, वस्तू दाखवायच्या वेळी कागद कपाटात असतात. परत आलो तर दोघं खाली उतरत होती. नवऱ्याचं डोकं छताला लागत होतं, त्यामुळं गाडी त्यांना नकोच होती. जाताना मुलगी म्हणाली, "काका, पाणी मात्र एकदम गार होतं हं. या उन्हात बरं वाटलं. मामूंना थँक्यू सांगा."

मला वाटलं, मंगलनं पाणी दिलं असेल. 'मामू' काय ते कळलं नाही. नव्या पिढीचं बोलणं मला निम्मं कळतच नाही, म्हणून सोडून दिलं.

दुसरा आला गुलमंडीजवळचा एक केटरर. जाडजूड, घामानं निथळणारा. याच्या वेळी मी कागद बरोबर ठेवले होते, पण चावी आत विसरलो. चावी घेऊन आलो तर गडी दारातच उभा, मिशा ओल्या, शर्ट पोटापर्यंत भिजलेला. ओंजळीनं पाणी पिताना कसं सांडतं, तसा.

"साहेब, तुम्ही जाहिरातीत टाकी लिहिली आणि तुमचा माणूस म्हणतो टाकी नाही मिळणार," तो म्हणाला. "आधी घरात ठरवा, मग लोकांना बोलवा."

"कोण माणूस?"

"तो मामू हो. दाढीवाला. पाणी पाजलं त्यानं. म्हणाला, गाडी ले जाव, टाकी इधरीच रहने दो."

तो गेल्यावर मी आत चढलो. कुणी नव्हतं. दुपारच्या उन्हानं आत पोळी भाजली असती. टाकीची तोटी सोडली, कोरडी ठक्क. घाटात रिकामी केली ती कुणी भरलीच नव्हती. पण दाराजवळच्या लिनोलियमवर पाण्याचं एक थारोळं होतं. बघता बघता वाळून गेलं.

तुम्हाला काय वाटतं, मी घाबरलो? छे. मी ताबडतोब शेजारी जाधवांवर संशय घेतला. जाधव भाऊसाहेब दाढीवाले, त्यात ती टाकी त्यांनी माझ्याकडं दोनदा मागितलेली. हा माणूस कंपाउंडवरून येऊन माझी गिऱ्हाइकं पळवतोय! मी तरातरा गेलो आणि त्यांच्या ओट्यावर उभा राहून बरंच बोललो. जाधव वहिनींनी शांतपणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्ये सकाळधरनं करमाडला शेतावर हायेत. आन् दाढी काढून महिना झाला त्यांना. लेकीच्या लग्नात नव्हं का काढली? तुमी जेवून गेलात की."

जेवून आलो होतो. फोटोतसुद्धा आहे.

घरी आलो तर मंगल पायरीवर बसलेली. हातात मोबाइल. विहीणबाईंचा फोन येऊन गेला होता. आता पक्कं ठरलं होतं, बाळंतपण पुण्यालाच, दवाखान्यात नावही घातलं. ती रडली नाही. ड्रमवरचं झाकण नीट बसलेलं होतं, तेच उचलून परत नीट बसवलं. "आता विका न विका," म्हणाली आणि आत गेली. हे आम्ही कुणालाही सांगितलं नाही. जाधवांनाही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी सोयगावकडचा एक कापडवाला आला. आठवडी बाजार करणारा. बाजारोबाजारी हिंडायला त्याला दुकान कम गाडी हवी होती. जाहिरात जुनीच, मी नको म्हणायला विसरलो होतो. या वेळी काही झालं तरी हलायचं नाही असं ठरवलं. तो आत चढला आणि मीही आत दाराशीच उभा राहिलो, पहारेकऱ्यासारखा. आत दुसरं कुणी नव्हतं, हे मी या डोळ्यांनी बघितलं. मग घडीचं टेबल धाडकन पडलं, माझ्याच पायावर. मी खाली बसून पाय चोळला, एखादं मिनिट. वर बघतो तर तो तोंड पुसतोय.

"पाणी लई गोड हाय, साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडं तर आता चव बघायची सोय ऱ्हायली नाय."

माझ्या मागं मंगल येऊन उभी होती. तिनं विचारलं, "कुणी दिलं पाणी?"

"ह्ये काय, बाबांनी." तो मागं वळला. "आत्ता तर हितं होते... खांद्यावर रुमाल, हातात जर्मनचा, आपला ॲल्युमिनचा मग. वरून धार धरत्यात, आपन ओंजळ लावायची." मग जरा संकोचून म्हणाला, "वहिनी, एक बोलू का? गाडी मला पसंत हाय. पन टाकी मी न्हेनार नाय. बाबा म्हनले, टाकी इथंच राहू द्या, घरात जच्चा आनेकू है. जच्चा म्हंजे बाळंतीनच ना? लेकबाळीच्या वाटचं पानी मी कशाला न्हेऊ?"

मंगल त्याच्याकडं बघत राहिली. मग गाडीत चढली, पलंगावरची गादी उचलली, फळी उचलली, आणि आत पाहिलं. ती गाडी आमच्या दारात दोन वर्षं उभी होती, पण त्या टाकीकडं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "किती पाणी मावतं हिच्यात?"

मी सांगितलं.

"म्हणजे आपण... पाणी साठवायला जागा करायची म्हणून पाण्याची टाकी विकतोय?"

मंडळी, मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होतो.

कापडवाला हसला नाही, हे त्याचे उपकार. मंगल हसली. इतकी हसली की पलंगाच्या कडेला बसली आणि तिथंच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग पदरानं तोंड पुसून तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. "विहीणबाई, पाण्याची सोय झालीय. सई इकडंच येणार. हो हो, मोठी टाकी आहे, स्टीलची. ह्यांनी मुद्दाम तिच्यासाठीच घेऊन ठेवली होती." शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. माझी बाजू घेऊन ती खोटं बोलली, असा हा एकमेव प्रसंग.

वेल्डर आला, टाकी कापून काढली. जाधव भाऊसाहेब आणि त्यांच्या भावांनी उचलून फाटकाजवळ विटांच्या चौथऱ्यावर बसवली. तेव्हा मी त्यांची माफी मागितली. "दाढी परत ठेवतो आता," एवढंच म्हणाले. कापडवाला गाडी घेऊन गेला. टँकर आला, टाकी भरली. सई आली, आणि आमच्या अंगणात दोरीवर दुपटी वाळली. नात झाली. ती आता शाळेत जाते आणि आंघोळीला दोन बादल्या घेते.

मी करमाडच्या त्या भंगारवाल्याकडंही जाऊन आलो. टाकी कुठून आली होती, विचारलं. तो म्हणाला, "क्या मालूम साहब. रोड बडा हुआ तब बहोत सामान आया. बसथांबे, टपऱ्या, दो-तीन पानपोया."

"त्यातल्या एखाद्या पाणपोईवर कुणी म्हातारा बसायचा का? दाढीवाला, खांद्यावर रुमाल?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारतोय झाडाला पानं होती का. "हर पानपोई पे एक मामू रहताच है, साहब."

तपास तिथं थांबला. टाकी पाणपोईचीच होती का, माहीत नाही. केटरर आणि कापडवाला एकमेकांना ओळखत नव्हते. जोडप्याचा नंबर राहिला नाही. कोरड्या टाकीतून पाणी कुठून आलं, सई येणार नाही असं ठरलेलं असताना ती येणार हे कुणाला कळलं... मला सांगता येत नाही. मी बरीच स्पष्टीकरणं करून बघितली. सगळी माझ्या त्या टेबलासारखी निघाली, काही ठेवलं की मिटतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली होती. जोडपं, केटरर, कापडवाला, सगळ्यांना त्या माणसानं पाणी पाजलं. गाडी माझी, टाकी माझी, पण मला एकदाही विचारलं नाही. कितीतरी दुपारी मी त्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. एकदा तर, सांगायला लाज वाटते, कुणी बघत नाही असं पाहून ओंजळसुद्धा धरली.

मंगलनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलंच. "काय करताय?"

खरं ते सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, घरच्या माणसाला कोण पाणी विचारतं? पाणी पाहुण्याला विचारायचं असतं. ते तुम्हीच विचारायचं."

दुसऱ्या दिवशी मी शहागंजातून जर्मनचा एक मग आणला आणि टाकीच्या तोटीला साखळीनं अडकवला. आता नळ आलाय, तरी टाकी तिथंच आहे, रोज भरतो. परवा दुपारी एक कुरियरवाला पोरगा आला, पार्सल दिलं, मी वरून धार धरली, तो ओंजळीनं प्याला. जाताना फाटकातून वळून म्हणाला, "थँक्यू, मामू."

मी दाढी ठेवलेली नाही. खांद्यावर रुमाल होता, पण तो मी नुसता घाम पुसायला घेतला होता.