खोऱ्यातला न आलेला पूल

एखाद्या गोष्टीची पाच वर्षं वाट पाहिली की ती गोष्ट राहते बाजूला, वाट पाहण्याचेच किस्से साठत जातात. रविवारी सकाळी आम्ही केदारच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटवर जमतो तेव्हा पोहे संपतात, किस्से संपत नाहीत!

आम्ही म्हणजे मी, केदार आणि वाघोलीचा विशाल. तिघांना वेड एकाच व्हिडिओ गेमचं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं 'खोरं' म्हणतो. नदी, गवत, लांबवर निळे डोंगर. मारामारी नाही. भटकायचं, झाडं लावायची, घर बांधायचं. ऑफिसातून डोकं भणभणत आलं की मी त्या नदीकाठी जाऊन नुसता उभा राहायचो. फार बरं वाटायचं.

मग कंपनीने दुसरा भाग जाहीर केला. सात शहरं, डोंगरापलीकडे नेणारा पूल, आणि जुन्या खोऱ्यात तुम्ही उभं केलेलं सगळं नव्यात जसंच्या तसं येणार!

*

केदारने ट्रेलर किती वेळा पाहिला याला गणतीच नाही. शेवटी नायक पुलाच्या तोंडाशी येऊन थांबतो आणि ट्रेलर संपतो. एकदा केदारची आई, म्हणजे आमच्या काकू, पोह्यांवर खोबरं पेरता पेरता थांबल्या.

"अरे, जाऊ दे की त्याला एकदाचं पलीकडे! किती वर्षं उभा आहे बिचारा."

*

गेम येणार त्या दिवसाची मी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, "कुठे चाललात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "खोऱ्यात."

"वा! लॅपटॉप न्या बरोबर. हल्ली तिथेही रेंज असते."

*

शेवटी गेम आला. सात शहरांपैकी एक सापडलं, त्याची दारं बंद. पुढे नुसता माळ. आम्ही आळीपाळीने दुपारपर्यंत चाललो. गवत हलत होतं, ढगांच्या सावल्या सरकत होत्या, आणि कुठेच काही येत नव्हतं.

काकू चहा घेऊन आल्या. टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "पूल कुठाय रे?"

केदारच्या डोळ्यांत पाणी होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

*

केदार मूळचा पुण्याच्या नारायण पेठेतला. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला दोन वाक्यांची मेल टाकली. "आपला गेम मिळाला. उरलेला कधी पाठवताय?"

कंपनीचं पानभर उत्तर आलं, त्यात तीनदा आभार! केदारने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "एवढे आभार मानतायत म्हणजे उरलेला नाहीच."

*

आमचं दुःख तसं हौसेचं. विशालचं तसं नव्हतं. वाघोलीचं त्यांचं रान बिल्डरला गेलं, तिथे आता टॉवर उभे आहेत. त्याच्या अप्पांनी पोराकडून गेम शिकून घेतला आणि जुन्या खोऱ्यात तेच रान पुन्हा उभं केलं. विहीर, बांध, बांधावरची चिंच, सगळं जिथल्या तिथे. नव्या भागात ते आलं नाही, आणि जुना गेम कंपनीने बंद करून टाकला.

अप्पांना सांगायची विशालची हिंमत होईना. आठवडा त्याने "डाऊनलोड चालू आहे" म्हणत काढला. शेवटी आम्ही दोघंही त्याच्याबरोबर वाघोलीला गेलो.

"अप्पा, आपलं रान नाही आलं," विशाल म्हणाला.

"पुन्यांदा गेलं म्हण की," अप्पा म्हणाले आणि त्यांनी कंट्रोलर मागितला.

मग ते त्या माळावरून चालत राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. गवत, वारा, सावल्या. खिडकीबाहेर टॉवर दिसत होते. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. शेवटी केदारला राहवेना. तो मोठ्यांदा म्हणाला, "सॉरी हो अप्पा! फसवलं आपल्याला. नुसती मोकळी जमीन आहे हो सगळी!"

अप्पांनी दचकून खिडकीकडे पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "बिल्डरला कळंल!"